न उचललेलं पान

"ए पोरी, तुझं पान कोण उचलणार?"

मागून कोणीतरी मला पकडलं होतं. दंडाला नाही, बाहीला. फ्रॉकची बाही दोन बोटांत धरली होती, कातडीला बोट लागू नये एवढ्या बेतानं. मी नऊ वर्षांची. हात उष्टे, ओठाला बुंदीचा दाणा चिकटलेला. पंगत उठली, सगळ्या बायका-पोरी नळाकडे हात धुवायला निघाल्या, म्हणून मीही निघाले होते.

मी वळून पाहिलं. समोरच्या ओळीतली पानं तशीच पडली होती आणि दोन वाढपी घमेलं घेऊन ती उचलत येत होते. ती ओळ संपली. मग ते आमच्या ओळीपाशी आले, थांबले, घमेलं कमरेवर घेतलं आणि परत गेले. आमच्या ओळीतल्या बायका खाली वाकून आपापली पत्रावळ उचलत होत्या. रोजचं काम करावं तसं चाललं होतं.

मी पण वाकले. पत्रावळ माझ्यापेक्षा रुंद. मधून वाकली, आणि उरलेली कढी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली, तिथून फ्रॉकवर. तो फ्रॉक गणपतीसाठी शिवलेला होता.

"हं. आता जा," बाई म्हणाली.

ही बाई अनोळखी नव्हती. तिच्या क्वार्टरमध्ये माझी आई दोन वेळ भांडी घासायची. वर्षभर तिच्या घरची उष्टी ताटं आईने उचलायची, आणि वर्षातून एकदा त्याच लोकांच्या पंगतीला जेवायला गेलो तर तिथंही उष्टं आम्हीच उचलायचं. हा हिशोब मला तेव्हा समजला नाही. लाज मात्र वाटली. कसली लाज ते कळत नव्हतं, म्हणून ती जास्तच वाटली.

ही गोष्ट भिलाईची. तेव्हा मध्य प्रदेश. राजधानी भोपाळला, आमचे नातेवाईक भंडारा-गोंदियाला, आणि आम्ही मधल्यामध्ये, भिलाईतल्या खुर्सीपार वस्तीत. आम्ही चांभार. आजोबा गावात जोडे शिवायचे, बाप पोलादाच्या प्लांटमध्ये खलासी, म्हणजे अवजड सामान हलवणारा मजूर झाला. प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरांत नागपूर-वर्ध्याकडचे मराठी साहेब आणि बाबू राहायचे. त्यांची एक उत्सव समिती होती. कोणत्या सेक्टरची ते सांगत नाही, समितीचं नावही सांगत नाही. त्यातली अर्धी माणसं आज हयात आहेत आणि बाजारात भेटली की माझ्याशी गोड बोलतात.

त्या समितीची एक शेड होती. सिमेंटच्या पत्र्यांची, खाली फरशी, तीन बाजूंनी विटांची भिंत. गणपती तिथेच बसायचा आणि शेवटच्या दिवशी महाप्रसाद तिथेच व्हायचा. निमंत्रण सगळ्या मराठी घरांना, आम्हालाही. "आपण सगळे महाराष्ट्रीय" असं छापलेलं असायचं. शेडमध्ये गेलं की दाराजवळच्या भिंतीला लागून एक ओळ असायची. तिला म्हणायचे खुर्सीपारची ओळ. खुर्सीपारमध्ये सगळ्या जातींचे लोक राहायचे, पण त्या ओळीत कोणी बसायचं हे सगळ्यांना बरोबर कळायचं. कुणबी, तेली खुर्सीपारहून आले तरी पलीकडे जाऊन बसायचे. त्यांना कोणी सांगावं लागायचं नाही, आम्हालाही नाही.

भात तोच, वांग्याची भाजी तीच, बुंदी तीच. वाढायचेही सगळ्यांना. फक्त पान आमचं आम्ही उचलायचं.

मी घरी येऊन बापाला विचारलं. बाप म्हणाला, प्लांटच्या कँटीनमध्ये आम्ही सगळेच थाळी उचलतो, फोरमनही उचलतो, त्यात काय एवढं. मी म्हणाले, मग तिथं फोरमन उचलतो तर इथं त्याची बायको का नाही उचलत? बापाने मला झापड मारली नाही. तो उठून सायकल पुसायला गेला. आई चुलीपाशी होती. तिने माझा फ्रॉक पाण्यात टाकला आणि कढीचा डाग चोळत राहिली. डाग गेला नाही.

पुढच्या वर्षी मी जाणार नाही म्हणाले. आई म्हणाली, चाल. का, ते सांगितलं नाही.

त्या दिवशी आई जेवली. पोटभर जेवली, भात मागून घेतला, बुंदी मागून घेतली. पंगत उठली. ओळीतल्या बायका वाकल्या. आई वाकली नाही. मांडी घालून बसून राहिली, पुढ्यात उष्टं पान.

पुरुषांच्या ओळीतून बाप धावत आला. त्याचं स्वतःचं पान त्याच्या हातात होतं. "शेवंते, ऊठ वो. लोक पाहून राह्यले. मी उचलतो तुह्यं." तो वाकला, तर आईने पानावर आपला हात ठेवला.

"तुमी हात लावू नोका. जो साऱ्याइचे उचलते, तोच माह्यं उचलन."

एवढंच. ती ओरडली नाही. तिला भाषण येत नव्हतं. बापाने इकडेतिकडे पाहिलं, स्वतःचं पान घमेल्यात टाकलं आणि शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिला. मग कौशल्यामावशी, आमची शेजारीण, जी पान उचलून उभीच होती, तिने ते पुन्हा खाली ठेवलं आणि त्या पानासमोर बसली. मग आणखी चौघी. सहा बायका आणि सहा पानं.

आता यात गंमत अशी झाली, जी आईलाही आधी माहीत नव्हती. पंगतीत एकही उष्टं पान पडलेलं असेल तर पुढची पंगत बसवत नाहीत. तसा रिवाज. उष्ट्याजवळ ताजं अन्न कसं वाढणार? बाहेर दुसरी पंगत ताटकळत उभी. त्यात मोठे साहेब, त्यांच्या बायका, रायपूरहून आलेले पाहुणे. आत भात निवत चालला. आणि बायकांना हाताला धरून उठवावं, तर हात कोणी लावायचा? वाढपी आम्हाला शिवले तर पुढची पंगत वाढणार कशी? समितीवाले पूजेला बसलेले. ज्यांना आम्हाला शिवायचं नव्हतं, त्यांना आम्हाला हलवताही येईना. त्यांच्याच नियमाने त्यांचे हात बांधले गेले.

तेव्हा मला हे काही कळलं नाही. खरं सांगते, मला आईचा राग आला होता. सगळं सेक्टर माझ्या आईकडे बघत होतं. माझ्या वर्गातल्या दोन मुली तिथे होत्या. मला वाटत होतं, उचल ना बाई, एक पान तर आहे. मी तिच्यापासून सरकून भिंतीला चिकटले, जणू मी दुसऱ्या कोणाची. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

समितीने शेवटी सफाईवालीला बोलावलं. दुकालहीन तिचं नाव, छत्तीसगढी बाई, आमच्याच गल्लीत राहायची. तिला म्हणाले, ही पानं उचल. ती झाडू घेऊन ओळीपाशी आली. आईने तिच्याकडे पाहिलं. दुकालहीनने एक-एक बाईचं तोंड पाहिलं, झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाली, "महूँ नइ उठावंव." मीही उचलणार नाही. आणि ती जेवलीही नव्हती, तिच्यापुढे पानही नव्हतं, तरी सातवी म्हणून ओळीत बसली.

समितीचा फोटो काढणारा होता. त्याला कोणीतरी सांगितलं, यांचा फोटो काढ, उद्या वरती तक्रार करायला लागेल. त्याने काढला.

दुपार गेली. दुसरी पंगत हळूहळू पांगली. दिवेलागणीला आचारी बाहेर आला. वर्ध्याकडचा म्हातारा बामण, जानव्याला घाम. त्याला गोंदियाची गाडी पकडायची होती आणि त्याची पातेली अडकून पडली होती. त्याने समितीला एक शिवी दिली, आम्हाला एक दिली, आणि वाकून सहाही पानं एकावर एक ठेवून उचलून नेली. ना कोणी टाळ्या वाजवल्या, ना कोणी माफी मागितली. आई उठली. तिचे पाय बधिर झाले होते. मी तिला हात दिला नाही, दुकालहीनने दिला.

आठवड्याच्या आत आई ज्या तीन क्वार्टरांत जायची, तिथली तिची भांडी सुटली. बाप महिनाभर तिच्याशी बोलला नाही. आणि पुढच्या गणपतीला शेडच्या दारावर पाटी लागली: "सर्वांनी आपले पान स्वतः उचलावे." म्हणजे बघा. आमची पानं उचलण्यापेक्षा त्यांनी सगळ्यांनाच उचलायला लावलं. ती बाई, माझी बाही धरणारी, नऊवारीचा काठ सावरत स्वतःची पत्रावळ घेऊन घमेल्याकडे जाताना मी पाहिली. आई माझ्या शेजारी होती. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझ्या आईने काय केलं होतं. कळायला मला एक वर्ष लागलं.

पुढे मी शिकले. शाळेत हिंदी, घरात आईची मराठी, पुस्तकातली मराठी माझी मीच शिकले. खुर्सीपारच्या एका प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले. आई निरक्षरच राहिली. गावाहून पत्र आलं की ती माझ्यासमोर ठेवायची, मी वाचायची, ती डोळे मिटून ऐकायची. मी वाचलं तेच तिच्यासाठी खरं.

नव्वदनंतर समितीने पक्का हॉल बांधायला काढला. शेड पाडणार असं ऐकलं. मला झोप लागेना. आमच्या लोकांकडे भिलाईत दुसरं काय होतं? पुतळा नाही, चौक नाही. एक ती फरशी होती, जिच्यावर सात बायका बसल्या होत्या. मी समितीच्या सेक्रेटरीकडे गेले. सेक्टर दहामध्ये त्याचा क्वार्टर, पुढे गुलाब, आत पुस्तकांचं कपाट. शिकलेला, मऊ बोलणारा. मला खुर्चीवर बसवलं, घरचे पितात त्याच कपातून चहा दिला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, हे तर जपायला हवं. शेड पाडायची नाही. आपण तिथे संग्रहालय करू."

मी सायकलवरून घरी येईपर्यंत रडत होते. आनंदाने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कुठे माहीत होतं.

त्याने वस्तू मागितल्या. मी खुर्सीपारच्या घराघरांत फिरले. कौशल्यामावशीने त्या दिवशी नेलेला तांब्या दिला. त्या सहा जणींतल्या यशोदाबाईच्या मुलाने जुनी निमंत्रणपत्रिका दिली. दुकालहीन वारली होती, तिच्या लेकीने तिची चांदीची ऐंठी दिली, हातातलं कडं, वापरून गुळगुळीत झालेलं. आणि आमच्याकडे तो फोटो होता. तक्रार कधी झालीच नाही, फोटो त्या फोटोवाल्याच्या दुकानात पडून राहिला, आणि एकदा बाप फॉर्मसाठी फोटो काढायला पॉवर हाऊसच्या बाजारात गेला तेव्हा दुकानदाराने तो त्याच्या हातात ठेवला होता. बाप गेल्यावर तो त्याच्या ट्रंकेत सापडला. म्हणजे आईशी न बोलणाऱ्या माणसाने तो वीस वर्षं जपला होता.

तो एकच फोटो. दुसरी प्रत नाही. मी म्हणाले, आधी कॉपी काढू. आईला ते पटलं नाही. आमच्याकडे देवाच्या ठिकाणी जे द्यायचं ते अख्खं द्यायचं, त्यातलं राखून ठेवायचं नाही, परत मागायचं नाही. आईसाठी ती शेड आता तशी जागा झाली होती. तिने फोटो नव्या खणात गुंडाळला, वर हळद-कुंकू लावलं आणि माझ्या हातात दिला. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, फोटो तिला धड दिसतही नव्हता. पण अंगठ्याने तिने त्याच्यावरून बरोबर स्वतःची जागा शोधली. "मी इथं बसली होती," म्हणाली. मी ऐकलं तिचं. शिकलेली मी, पण ऐकलं.

सेक्रेटरीने रजिस्टर पुढे केलं. "सप्रेम भेट" असं लिहिलेलं होतं. मी सही केली.

उद्घाटनाला भोपाळहून कोणी मोठा माणूस येणार होता. आईने लग्नातल्यासारखी तयारी केली. कौशल्यामावशीला आणि तिला मी ऑटोत घालून नेलं. शेडला रंग दिला होता, पंखे लावले होते. आम्हाला मागच्या खुर्च्या मिळाल्या. मी म्हणाले, असू दे, भिंतीवर तर पुढे आहोत. भाषणं झाली. फीत कापली. मग लोक आत सोडले.

समोरच मोठा फलक होता, काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं. मी वाचला. पुन्हा वाचला. लिहिलं होतं की समितीच्या दूरदृष्टीच्या संस्थापकांनी श्रमप्रतिष्ठेचा आदर्श घालून देत, जातिभेद न मानता, प्रत्येकाने आपले पान स्वतः उचलण्याची प्रथा याच वास्तूत सुरू केली. खाली संस्थापकांची नावं. त्यात बाही धरणाऱ्या बाईच्या नवऱ्याचं नाव तिसरं.

बाजूला आमचा फोटो, मोठा केलेला. पण खालून कापलेला. पानं नव्हती. सहा बायका नुसत्या ओळीत बसलेल्या दिसत होत्या. उजवीकडूनही कापलेला. दुकालहीन नव्हती, तिच्या कोपराचा तुकडा तेवढा राहिला होता. खाली चिठ्ठी: "समितीच्या सहभोजनात सहभागी कामगार भगिनी." काचेच्या पेटीत तांब्या होता, "पारंपरिक भांडे" म्हणून. ऐंठी होती, "स्थानिक अलंकार" म्हणून. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण इथं नागोबाने बिळावर स्वतःचं नाव कोरून वर आम्हालाच हळद-कुंकू वाहायला बोलावलं होतं.

आई माझ्या खांद्याला धरून उभी होती. फलकाकडे तोंड करून. तिला सोनेरी चकाकी तेवढी दिसत असावी.

"लय मोठं लिवलं आहे वो. वाच ना मले. माह्यं नाव आहे काय त्याच्यात?"

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नवं लुगडं, तेल लावलेले पांढरे केस, वर केलेली मान. आणि मी वाचलं. मी वाचलं की, या जागी शेवंताबाई आणि सहा जणींनी आपलं पान उचलायला नकार दिला. मी वाचलं की, त्यांच्यामुळे हा रिवाज मोडला. सातही नावं वाचली. शाळेत धडा वाचते तशी, थांबत-थांबत, जणू अक्षरांवरून बोट फिरतंय. दगडावर त्यातला एक शब्द नव्हता.

आई ऐकत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. कौशल्यामावशीही रडत होती, तिलाही वाचता येत नव्हतं. मला वाटलं, झालं. काय बिघडलं? म्हातारीला आनंद मिळाला.

मग आई माझा खांदा सोडून चाचपडत पुढे गेली. सेक्रेटरी पाहुण्यांसोबत उभा होता. तिने त्याच्यापुढे हात जोडले. म्हणाली, तुमी माह्यं नाव दगडावर लिवलं, मी आता मरायले मोकळी.

त्याने आधी तिच्याकडे पाहिलं. मग फलकाकडे. मग माझ्याकडे. त्याला कळलं. मी काय केलं ते त्याला एका क्षणात कळलं, आणि त्याचा चेहरा सैल झाला. सुटल्यासारखा. तो हसला, आईचे जोडलेले हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतले आणि म्हणाला, "हो आजी. तुमच्यामुळेच तर हे सगळं." फोटोवाल्याने तो फोटो काढला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यावर नाही फक्त. स्वतःवर. त्याने दगडावर खोटं लिहिलं, आणि ते खपवायला मी त्याला बिनपगारी माणूस मिळाले होते. माझ्या तोंडून, माझ्या आईच्या भाषेत. उद्या तो सांगणार होता, त्या आजी स्वतः येऊन आभार मानून गेल्या.

मी पुढे गेले आणि आईचे हात त्याच्या हातांतून सोडवले.

"आई, मी खोटं वाचलं. तुझं नाव नाही तिथं. कोणाचंच नाही."

सेक्रेटरी हळूच म्हणाला, ताई, आज नको, पाहुणे आहेत, कार्यक्रमाचा विचका करू नका. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. आईने पुन्हा फलकाकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "मंग खरं वाच."

मी खरं वाचलं. संस्थापक, दूरदृष्टी, श्रमप्रतिष्ठा, सगळं. त्यांची नावं वाचली. फोटोखालची चिठ्ठी वाचली. फोटोत दुकालहीन नाही हे सांगितलं. ऐकताना आईचे डोळे कोरडे झाले. भोपाळचा पाहुणा घड्याळ पाहत बाहेर निघाला, त्याच्यामागे समिती निघाली. माझं वाचून झालं तेव्हा आत आम्ही तिघीच होतो, आणि पंखे.

मला वाटलं होतं, आई त्यांना काही म्हणेल. खाली बसेल. पुन्हा हलणार नाही म्हणेल. ती बसली नाही. तिचे गुडघे आता तसे राहिले नव्हते. तिने माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं.

"त्याइचं जाऊ दे. ते असेच. तू कावून खोटं वाचलं मले?"

तुला वाईट वाटू नये म्हणून, हे तोंडापर्यंत आलं आणि ते मलाच खोटं वाटलं. मला लाज वाटली होती म्हणून. मी तिथं खुर्चीवर बसले होते, त्याच कपातून चहा प्यायले होते, सही करून आले होते. माझी फसगत तिच्यासमोर वाचायची हिंमत नव्हती म्हणून.

मी दुसऱ्या दिवशी फोटो मागायला गेले. या वेळी खुर्ची मिळाली नाही. सेक्रेटरीने रजिस्टर उघडून माझी सही दाखवली. म्हणाला, वस्तू आता समितीच्या आहेत, आणि मूळ फोटो मोठा करायला दिला होता, तो सापडत नाही. फलकाचं विचारलं तर म्हणाला, इतिहास जोडणारा असावा, कटुता कशाला. मी अर्ज दिले. एक, दुसरा, तिसरा. पोच मिळाली, उत्तर नाही. फोटोच्या दुकानाच्या जागी टीव्ही दुरुस्तीचं दुकान झालं होतं. आमच्याच लोकांपैकी काही म्हणाले, शेड तर वाचली ना, त्यातच समाधान मान. वाटायचं, पाडू द्यायला हवी होती. निदान पडलेल्या भिंतीवर कोणी सोनेरी अक्षरांनी खोटं लिहीत नाही.

आई त्यानंतर दीड वर्ष होती. त्या शेडचं नाव तिने काढलं नाही, मला टाकूनही बोलली नाही. जेवली, हसली, शाळेचं विचारायची. पण गावाहून पत्र आलं की ती ते पदराखाली धरून कौशल्यामावशीच्या सुनेकडे न्यायची आणि तिच्याकडून वाचून घ्यायची. मी घरात असताना. मी शिकलेली, मास्तरीण, तिच्या पोटची. शेवटपर्यंत तिने माझ्याकडून पुन्हा एक ओळ वाचून घेतली नाही. ती गेली तेव्हाही तिच्या उशाशी एक पत्र होतं, दुसऱ्या कोणी वाचलेलं.

तो फलक आजही आहे. संग्रहालय दर रविवारी सकाळी उघडतं. आई गेल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी मी गेले. दुर्गहून एक कुटुंब आलं होतं. ते फलक वाचू लागले तशी मी शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, हे खरं नाही, खरं मी सांगते. चौकीदाराने मला बाहेर काढलं. पुढच्या रविवारी पुन्हा गेले, पुन्हा काढलं. मग समितीने ठराव केला की मला आत सोडू नये. त्यानंतर मी बाहेरच्या पायरीवर उभी राहून सांगते. बहुतेक लोक मान खाली घालून पुढे जातात. काही हसतात. शाळेत माझ्याविरुद्ध चिठ्ठी गेली, मला बोलावलं, समज दिली. फलकाचं एक अक्षर हललेलं नाही. हलेल असं मला वाटतही नाही.

तरी जाणार. कोणाला बरं वाटावं म्हणून मी आता एक अक्षर खोटं वाचणार नाही, मेलेल्यांसाठी नाही आणि जिवंतांसाठीही नाही. गेट बंद करा, मी रस्त्यावरून सांगेन. पोलीस बोलवा, त्यांना सांगेन. नोकरी घ्या, मग सातही दिवस येईन.

शेवंता. कौशल्या. यशोदा. सगुणा. अनुसया. पार्वती. दुकालहीन. दगडावर ही नावं कोरली जात नाहीत, तोवर ती तुम्हाला दर रविवारी माझ्या तोंडून ऐकावी लागतील.